चर्चचं बुटकं दार

अमेरिकेतल्या नोव्हाय शहरात मोटारींची ड्रॉइंग्ज काढणाऱ्या दादारावांना एक खोड होती. कुणी आपल्या गावाचं कौतुक सुरू केलं, की ते विचारायचे, "नदी कुठून कुठे वाहते?" मग त्यांची नजर प्रवाहाच्या खालच्या अंगाला जायची. त्यांचा स्वतःचा जन्मही अशाच खालच्या अंगाचा, गावकुसाबाहेरचा.

१९९४ साली ऑफिसातल्या म्हाताऱ्या मार्सेलने टेबलावर त्याच्या फ्रान्समधल्या खेड्याचा भलामोठा फोटो पसरला. मागे डोंगर, पुढे नदी, मधे चर्च. "तीनशे माणसांचं गाव. आठशे वर्षं सगळे एकाच चर्चमध्ये जातात," तो म्हणाला.

"सगळे?" दादारावांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. इतकं सरळ गाव त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. त्यांनी ड्रॉवरमधून भिंग काढलं. चर्चच्या कडेच्या भिंतीत एक बुटकं, दगडांनी बुजवलेलं दार होतं. "हे कुणाचं?"

मार्सेल जरा घुटमळला. "फार जुनं आहे. काही सुतार होते, त्यांना मोठ्या दारातून येऊ देत नसत. का, ते कुणालाच माहीत नाही."

"राहायचे कुठे?"

मार्सेलचं बोट फोटोवर जागा शोधत नदीच्या कडेने खाली सरकलं. तिथे दादारावांचं बोट आधीच टेकलेलं होतं.