पट्टीने मारलेली रेघ

जुबेदाबाईंची आणि माझी पहिली ओळख तक्रारीतून झाली. रत्नागिरीतल्या आमच्या मुलींच्या शाळेत मी गणित शिकवायला रुजू झालो, तेव्हा बाई मराठी शिकवीत आणि ग्रंथालयही सांभाळीत. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्या तासाच्या दोन मुली पुस्तके लावायला नेल्या. मी बोललो. बाईंनी माफी मागितली आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा दोघींना नेले.

बाईंची एक लाडकी कादंबरी होती, खाडीकाठच्या पंधरा वर्षांच्या मुलीची. दरवर्षी नववीतल्या एकीला त्या ती देत. वाचून झाली की पुढची वाचक त्या मुलीनेच निवडायची. प्रत्येकीने एकाच वाक्याखाली पेन्सिलीने रेघ मारायची, स्वतःचे नाव लिहायचे नाही. कादंबरीचे नाव मुलींनीच मुलींना सांगायचे, म्हणून मीही इथे देत नाही.

माझी मुलगी वैशाली नववीत असताना ते पुस्तक आमच्या घरी आले. तिचे वाचून झाले होते. नायिका घरच्यांना उलट उत्तरे देते, एवढे ऐकून मी ते काढून घेतले आणि बाईंना म्हणालो, "असलं काही मुलींना देऊ नका."

"सर, तुमी वाचलंत काय?"

"नाही."

"मग आधी वाचा नि परत द्या."

मी हट्टाने दोन्ही केले नाही. बाईंनी निमूट दुसरी प्रत आणली. पुढे माझी पत्नी आजारी पडली, तेव्हा महिनाभर आमचा डबा बाईंच्या घरून आला. पुस्तकाचा विषय त्यांनी काढला नाही.

बाईंच्या पंचाहत्तरीनिमित्त हा लेख लिहायचा म्हणून परवा ते पुस्तक कपाटातून काढून वाचले. चांगले आहे. रेघा बहुतेक वेड्यावाकड्या आहेत, एकच पट्टीने मारलेली. पट्टीशिवाय रेघ मारायची नाही, ही आमच्या घरातली माझीच शिस्त. त्या रेघेवरचे वाक्य असे: 'मी नको म्हटलं नव्हतं, मला कुणी विचारलंच नव्हतं.'

वैशालीने डीएड करायचे, हे मी ठरवले होते. आज ती चिपळूणला शिक्षिका आहे. फोन करून तिला विचारले, तुला काय व्हायचे होते? ती म्हणाली, "बाईंना माहीत आहे, बाबा. त्यांनी तेव्हाच विचारलं होतं." मला फार वाईट वाटले.

बाईंना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो आणि नववीतल्या मुली त्यांच्या दाराशी येत राहोत. सत्काराच्या दिवशी मी पुस्तक परत करणार आहे. नियमाप्रमाणे मीही एक रेघ मारली आहे, वैशालीच्याच वाक्याखाली, पट्टी न घेता.