आईच्या चंचीतली पट्टी

आज सकाळी आईला मासवणहून बोईसरला दवाखान्यात आणलं. दोन दिवस शौचाला काळी होत होती, ते आज चक्कर येऊन पडल्यावर तिने सांगितलं.

डॉक्टरांनी तीनदा विचारलं, "आजी, कुठल्या गोळ्या घेता?"

"गोळ्या नाय घेत मी." मीही मान डोलावली.

सलाईन लावताना नर्सने तिच्या कमरेची पानाची चंची सोडून माझ्याकडे दिली. आत सुपारीसोबत दुखण्याच्या गोळ्यांची अर्धी पट्टी.

"ती गुडघ्याची हाय," आई म्हणाली. "सकाळी एक, दुपारी एक. नायतर भातलावणीला वाकता येत नाय."

डॉक्टर म्हणाले, यानेच पोटात रक्तस्राव होत असणार, लगेच दाखल करा.

आईने माझा हात घट्ट धरला. मला वाटलं, घाबरली. "वेणूला फोन लाव," ती म्हणाली. "तिला काल चार दिल्या. लावणीच्या सगळ्याच बायांना देते मी."

वेणू आणि तिच्यासोबत लावणी करणाऱ्या आणखी दोघींचे नंबर माझ्याकडे आहेत, तासभर फोन करतोय. तिघी शेतात आहेत, उचलत नाहीत. मासवणचं कोणी वाचत असेल तर बांधावर जाऊन सगळ्या बायांना सांगा, आईने दिलेल्या गोळ्या घेऊ नका.

बाकीच्यांनी आज घरी आईला 'गोळ्या घेतेस का' असं विचारू नका. 'गुडघ्याला काय घेतेस' असं विचारा.