सोमवारचे बैल
“रागाच्या भरात एक फटका बसला, पोरगं हाय, सोडून दे,” सुपा गावातल्या आमच्या ओसरीवर पाटील शेजारच्या गाडीवानाच्या बायकोला समजावत होता. बेळगावच्या कॉलेजात क्रिकेट खेळणारा माझा भाऊ मान खाली घालून बसला होता. कॉलेजचा गोरा साहेब मुद्दाम आला होता. गाडीवानाच्या घरच्यांनी माफ केलं, तर तो भावाला पुन्हा संघात घेणार होता. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, म्हणून दुभाषी मी. गाडीवानाला बोलता येत नव्हतं, त्याचा जबडा फडक्यानं बांधला होता. सामन्यासाठी स्टेशन गाठायला भावानं त्याची गाडी मागितली होती. “सोमवार नंदीचा, बैल जुंपत न्हाई, धनी,” एवढंच तो म्हणाला होता. बॅटचा पहिला फटका खांद्यावर बसला आणि तो गुडघ्यांवर कोसळला. पुढचा जबड्यावर बसला, सुकी फांदी मोडावी तसा आवाज झाला आणि सारवलेल्या अंगणात रक्तासोबत दात पडले. बैल दावी ताणून हंबरत होते, तरी भाऊ मारतच होता. मी ते आमच्या खिडकीतून पाहिलं होतं. “त्याला दुसरी संधी द्यायला यांची हरकत नाही ना?” साहेबानं मला विचारलं. “घर तुमचं हाय, अक्का, काय सांगायचं ते सांगा,” गाडीवानाची बायको म्हणाली. बाबा खाकरले. आजही कुणी बॅटला जवसाचं तेल चोळलं की त्या वासानं मला माझा तेव्हाचा आवाज ऐकू येतो: “दुसरी संधी त्याला मिळाली होती, साहेब. पहिल्या फटक्यानंतर गाडीवानानं हात जोडले होते.”