कोर्टामागच्या खुर्चीत आई

मंडळी, आज रत्नागिरीत माझी धाकटी बहीण सायली बॅडमिंटनचा एकेरीचा सामना खेळली. हरली तर खेळ सोडून नोकरी धरायची, असं तिने ठरवलं होतं.

स्पर्धांना ती एकटीच जाते. कोर्टामागची प्रशिक्षकाची खुर्ची नेहमी रिकामी असते. आज तिने आईला तिथे बसवलं.

शेवटच्या गेममध्ये ती तीन गुणांनी मागे होती. छोट्या विश्रांतीत म्हणाली, "आई, काहीतरी सांग."

"मला त्यातलं काय कळतंय गो? पण ती समोरची दमलीय. भातलावणीत दमलेली बाई अशीच सारखी कंबरेवर हात ठेवते."

घरातली पहिली पदवीधर मी, पण मला हे दिसलं नव्हतं.

मग सायलीने घाई सोडली, समोरच्या मुलीला मागे-पुढे पळवत राहिली आणि जिंकली. मी रडलेच. आई मात्र डबा घेऊन पलीकडे गेली. त्या मुलीच्या मागची खुर्चीही रिकामीच होती.

"खाल्लंस काय गो बाय?"

तिने नाही म्हणून मान हलवली. आईने तिच्या हातात घावन ठेवलं.

तुमच्या ओळखीत असं एकटं खेळणारं कोणी आहे का? एकदा जाऊन बसाल त्यांच्या मागे? खेळ कळायलाच हवा असं काही नाही.