आबांना सांगायचं नाही

घरातल्या सर्व लहानथोरांस, आल्यागेल्या पाहुण्यांस आणि ज्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही अशा तमाम शेजाऱ्यांस कळवण्यात येते की, आमच्या आबांना काय झालं आहे हे आजपासून अख्ख्या घोटावड्याला ठाऊक असेल. फक्त आबांना नसेल. हुकमावरून, यमुआत्या.

हा हुकूम कागदावर उतरला नाही एवढंच. बाकी तो याच थाटात सुटला, आणि तोही पुण्यातल्या एका हॉस्पिटलच्या जिन्यात, डॉक्टरांच्या केबिनमधून बाहेर पडून आम्ही पुरते खाली उतरलोही नव्हतो तेव्हा.

केबिनमध्ये आम्ही तिघं होतो. माझे वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणतो. त्यांची थोरली बहीण यमुआत्या. आणि मी, आबांची थोरली नात मंदा. माझा संसार कोथरूडला, त्यामुळे डॉक्टरांशी बोलण्याचं खातं माझ्याकडे होतं. आबा बाहेर बाकावर बसून शेजारच्या पेशंटला त्याच्याकडे भात कोणतं लावतात ते विचारत होते.

डॉक्टर म्हणाले, “पॅनक्रियाजचा कॅन्सर आहे. लिव्हरपर्यंत पोचलाय. या वयात मी ऑपरेशन सुचवणार नाही.”

पॅनक्रियाज म्हणजे स्वादुपिंड. जठराच्या मागे आडवं पडून असतं आणि आयुष्यभर कधी आपली आठवण करून देत नाही. तिथली गाठ पित्ताच्या नळीवर दाब देत होती.

“किती दिवस, डॉक्टर?” मी विचारलं.

“महिने मोजू नका. आठवडे धरून चला.”

दादा उठले, डॉक्टरांना नमस्कार केला आणि म्हणाले, “आबांना आत बोलवा. त्यांच्यासमोर सांगा.” यमुआत्याने त्यांचा सदरा मागून असा खेचला की ते पुन्हा खुर्चीत बसले.

आता थोडं मागे जाते, कारण तुमच्या घरात कोणी म्हातारं माणूस असेल तर हे उपयोगी पडेल. आबांच्या अंगाला आधी खाज सुटली. मग डोळे हळदीसारखे झाले. पोटात मात्र काहीच दुखत नव्हतं. आम्ही खेड्यातली हुशार माणसं, कावीळ ओळखली आणि शेजारच्या गावातून काविळीची माळ आणली. मुळ्यांच्या तुकड्यांची ही माळ डोक्यावर ठेवतात. ती वाढत वाढत गळ्यात उतरली की कावीळ उतरली असं समजायचं. आमची माळ झपाट्याने वाढली. पार बेंबीला लागली. घरात आनंदीआनंद. शेजारणी माळ बघायला आल्या. दोरा सैल होत होता आणि आबा वाळत होते, हे माळेच्या कौतुकात कोणाच्या लक्षात आलं नाही. न दुखता डोळे पिवळे झाले, तर माळेच्या आधी सोनोग्राफी करा. एवढंच सांगते.

नळीत स्टेंट घातला. स्टेंट म्हणजे बारीकशी पोकळ नळी, अडलेल्या पित्ताला वाट करून देणारी. तिच्याने आजार बरा होत नाही, खाज आणि पिवळेपणा तेवढा उतरतो. आबांना वाटलं, बरं झालं. निदान आम्हाला वाटलं की त्यांना तसं वाटलं.

यमुआत्याच्या हुकमालाही कारण होतं. आबांचे धाकटे भाऊ, त्यांना असलंच काही झालं होतं. कोणीतरी तोंडावर सांगितलं. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं आणि पुन्हा घास घेतला नाही. आत्याने ते बघितलं होतं. “माझा बाप तसा भिंतीकडं बघत जायला नको,” ती म्हणाली. तिच्यापुढे कोण बोलणार?

दादा. दादा बोलले असते. आबांनी त्यांना लहानपणी बैलबाजारात नेलं तेव्हापासून एकच शिकवलं होतं, की जनावर विकताना त्याची खोड आपण आधी सांगायची, मग भाव. चौसष्टाव्या वर्षापर्यंत दादा आबांशी खोटं बोललेले नव्हते. त्यांना ते जमतही नसे. कान लाल व्हायचे. म्हणून आत्याने फर्मान काढलं, “शिरपानं आबांजवळ एकट्यानं बसायचं न्हाई.” ज्या मुलाने सारी हयात बापाच्या शेजारी औत धरलं, तो आता खोलीच्या दारातून विचारायचा, “च्या घेतला का?” आणि परत फिरायचा.

मी मात्र रंगात आले. गावच्या जत्रेतल्या नाटकात मी एकेकाळी राणी होते, तो दरबार पुन्हा भरला. कोणाचं तोंड पडलेलं दिसलं की मी मागून चिमटा काढायची. भेटायला येणाऱ्यांना ओट्यावरच संवाद पाठ करून घ्यायची. “अल्सर म्हणायचं. अल्सर म्हणजे पोटातला फोड. रडायचं असेल तर गोठ्यात.” गोठा त्या दिवसांत फार वर्दळीचा होता. एकदा मीही तिथे गेले, तर आई आधीच म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभी. तिने सरकून मला जागा दिली.

खरी फजिती धाकटी शालीआत्या आल्यावर झाली. सणवार नाही, लग्नकार्य नाही, आणि दोन्ही लेकी पिशव्या घेऊन माहेरी. आमच्याकडे याचा अर्थ शेंबडं पोरही ओळखतं. आबांनी दोघींकडे आळीपाळीने पाहिलं.

“का गं, दोगीबी?”

मी तोंड उघडायच्या आत शालीआत्या म्हणाली, “भात कापायला आलो, आबा.”

“यमी कापनार?” आबा म्हणाले. “सासरी मारुंजीत खोल्यांची भाडी गोळा करून तिच्या हाताला इळा ओळखू येतोय का?”

“येतोय की,” यमुआत्या म्हणाली. आता माघार नव्हती.

“मग उद्याच धरा. माजी बाज बांधावर टाका. बघतो.”

आणि दुसऱ्या दिवशी, देवाशपथ सांगते, आम्ही खरोखर भात कापलं. यमुआत्या पासष्टी उलटलेली, गुडघे कुरकुरणारे. शालीआत्या. आई. मी, जिने कोथरूडला गेल्यापासून कुंडीतली तुळस सोडून काही कापलं नव्हतं. यमुआत्याचा विनय, हिंजवडीच्या कंपनीतला, बूट घालून वाफ्यात उतरलेला. त्याच्या साहेबाचा फोन आला. “सर, फील्डवर आहे,” तो म्हणाला, आणि ते त्या घरातलं त्या आठवड्यातलं एकमेव खरं वाक्य होतं.

आबा बाजेवर गोधडी पांघरून बसले होते आणि सगळ्यांची सालं काढत होते.

“मंदे, भात काप, केस कापू नको.”

“इनय, पेंडी बांदतोय का पोराला लंगोट?”

आम्ही हसत होतो. दोघी आत्यांना एकमेकींशी इतकं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. लग्नं झाल्यापासून त्या एका पंगतीला बसल्या होत्या, एका वाफ्यात वाकल्या नव्हत्या. कोण पुढे जातं यावरून त्यांची जुनी भांडणं निघाली, त्यात गेलेली आजी निघाली, तिच्या हातचा पाटवड्यांचा रस्सा निघाला. मला वाटलं, आबांनी हे मुद्दाम मांडलं असेल का? खोटं बोललात ना, मग आता ते वाकून खरं करा.

दादा सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात कापत होते. आबांनी हाक मारली.

“शिरपा, हिकडं ये. बस.”

दादा आले. बाजेच्या खुराशी उकिडवे बसले. आबांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि अगदी सहज विचारलं, “डागदर काय म्हनला रं?”

सगळे विळे थांबले. दादांचे कान मला तिथूनही दिसत होते. “आबा,” ते म्हणाले, “डाक्टर म्हणले...”

“साप!” यमुआत्या किंचाळली. “अगं बया, साप साप!”

हा साप माझ्या नाटकात नव्हता. शालीआत्या खरंच पळाली, विनय बुटांसकट बांधावर. दादा विळा घेऊन उठले. आबा जागचे हलले नाहीत.

“यमे,” ते म्हणाले, “कापल्याल्या अंगाला साप यील का? त्यो उब्या भातात जाईल.” मग दादांकडे पाहून म्हणाले, “जा बाबा. दिस कलला. काप.”

दादा गेले. संध्याकाळपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

त्यानंतर आबा शेताकडे गेले नाहीत. ताप यायला लागला. स्टेंट बंद झाला असावा, डॉक्टर फोनवर म्हणाले, “आणता येईल, बदलताही येईल. पण मी तुमच्या जागी असतो तर घरी ठेवलं असतं. दुखू देऊ नका.” याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. म्हणजे आजाराशी झगडा थांबवायचा आणि माणसाला सुख द्यायचं. मॉर्फिनच्या गोळ्या आणल्या. मॉर्फिनला भिऊ नका. आम्ही आधी घाबरलो, आणि तेवढा वेळ आबा विनाकारण कण्हत राहिले.

आत्याचा हुकूमही ढिला पडला, कारण उचलायला दादाच लागत. आबांना कुशीवर वळवणं, अंग पुसणं, मिशा कातरणं, नव्या तांदळाची पेज चमच्याने भरवणं, सगळं दादा करायचे. आबा आता काही विचारत नव्हते. पण दादांच्या हातून तीन चमचे जास्त जायचे. आत्या दारात बसून ते बघायची. एकदा ती मला म्हणाली, “आबा जेवत्यात गं, मंदे. म्हंजी त्यांना ठावं न्हाई.” मी हो म्हटलं.

शेवटच्या सकाळी उन्हं ओट्यावर आली होती. श्वास लांबला होता. शालीआत्या गंगेच्या पाण्याचा सीलबंद गडू घेऊन आली आणि उंबऱ्यातच अडली. गडू दिसला तर आबांना कळेल. दोघी बहिणी गडू पदराखाली लपवून कुजबुजत राहिल्या, औषधाच्या बाटलीत ओतायचं का म्हणून. दादांनी तो हातातून घेतला, फोडला, आणि चमच्याने आबांच्या ओठांत थेंब सोडले. आबांनी ते गिळले. दादांकडे बघत होते. मग बघायचे थांबले.

ज्या कोणाच्या घरात हे यायचं असेल त्यांना मी काय सांगू? सांगावं की सांगू नये, मला आजही कळलेलं नाही. ते दिवस मला कोणी दिले ते मात्र कळतं, आणि त्या मेल्या आजाराचेच आभार मानावेसे वाटतात. एका छपराखाली आम्ही सगळे पुन्हा एकदा निजलो, भांडलो, वाकलो. आबांनी आम्हाला ओंब्यांसारखं गोळा केलं.

पण त्या क्षणी असलं काही सुचलं नव्हतं. कोणी रडायलाही सुरुवात केली नव्हती. आई दाराला टेकून, दोघी आत्या पायांशी, मी गडूचं झाकण हातात धरून. दादांनी आबांचे डोळे मिटले, गोधडी छातीपर्यंत सारखी केली, आणि यमुआत्याकडे वळून मोठ्याने विचारलं,

“आक्का, आता सांगू का त्यांना?”