तिन्ही सेन्सरवर फडकी होती

आम्ही बौद्ध. भूतखेत, भानामती असलं काही अण्णांनी — माझ्या वडिलांनी — घरात बोलूसुद्धा दिलं नाही. मीही मानत नव्हतो. आजही मानतो असं म्हणवत नाही... पण कुणाला तरी सांगायलाच हवं.

अण्णा निवृत्त शिक्षक. आई गेल्यापासून जाफराबादला एकटेच. मी नवीन जालन्यात, बियाण्याच्या कंपनीत. आमच्या गोदामात ओल मोजणारे वायरलेस सेन्सर आहेत. त्याच जातीचे, पण हालचाल ओळखणारे तीन मी अण्णांच्या घरी बसवले — खाटेजवळ, गॅसजवळ, दाराजवळ. एरवी झोपलेले असतात, म्हणून एवढ्याशा बॅटरीवर वर्षभर चालतात. माणूस समोरून गेला की जागे होतात, माझ्या मोबाइलवर निरोप टाकतात, परत झोपतात.

अण्णा वैतागले. "कपडे बदलताना बघून राह्यलं की रे हे!"

"कॅमेरा नाही अण्णा. त्याला फक्त अंगाची ऊब कळते."

"ऊब कळती? मंग तुझ्यापेक्षा बरंय."

मी हसलो. खरं तर सेन्सर बसवल्यापासून मी फोन करणंच सोडलं होतं. निरोप आला म्हणजे अण्णा ठीक.

कपडे बदलताना ते तिन्हींवर फडकी टाकायचे आणि काढायला विसरायचे. मग मला 'बराच वेळ हालचाल नाही' असा इशारा यायचा. दोनदा घाबरून धावत गेल्तो. दोन्ही वेळा चहा पीत बसलेले! "बरं झालं, आलास," म्हणाले.

पुढच्या खेपेला संध्याकाळी इशारा आला. फडकीच असणार... मी गेलो नाही. साधा फोनही केला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून निरोप सुरू. खाट, गॅस, दार. थोड्या वेळानं पुन्हा — खाट, गॅस, दार. मी निर्धास्त. दुपारी शेजारच्या मावशींचा फोन — "अण्णा दार उघडंनात रे, जल्दी ये."

कडी आतून होती. तोडली. अण्णा खाटेशेजारी जमिनीवर. डॉक्टर म्हणाले, रात्रीच गेलेत. त्याआधी बराच वेळ पडून असतील.

आणि तिन्ही सेन्सरवर फडकी तशीच.

कंपनीतल्या तंत्रज्ञाला विचारलं. "उन्हानं फडकं तापलं तर चुकतं कधीकधी." पण उठून चहा टाकायचा आणि कप घेऊन दारात उभं राहायचं, ही अण्णांची रोजची चाल... उन्हाला कशी ठाऊक? 

अण्णा मला 'मी बरा हाय, येऊ नको' असं सांगत होते, की दारात येऊन येऊन माझी वाट बघत होते?

घर बंद आहे. सेन्सर तिथेच आहेत, फडकी काढून ठेवलीत. बॅटऱ्या मी वेळच्या वेळी बदलतो. तेव्हा माझीच हालचाल कळते; एरवी एकही निरोप येत नाही.