चालू मशीनची पूजा

माझा नवरा रिफर गाडी चालवतो. रिफर म्हणजे थंड डब्याची गाडी. संभाजीनगरहून आइस्क्रीम, लोणी, पनीर भरायचं आणि नांदेडला नेऊन उतरवायचं. आमचं घर देवगाव फाट्याला, रस्त्याला लागूनच. जाता-येता गाडी दारात थांबायची, त्यामुळे तिची थंडीची मशीन आमच्या घरादाराच्या ओळखीची झाली होती. बऱ्याच गाड्यांना ही मशीन केबिनच्या डोक्यावर असते. आमच्या गाडीला ती डब्याच्या पोटाखाली, डिझेलच्या टाकीशेजारी, माणसाच्या कमरेएवढ्या उंचीवर होती. तिला तिचं वेगळं इंजिन. गाडी बंद असली तरी ही घरघरत राहायची. मी तिला सवत म्हणायची. ताट वाढलं की हा आधी तिला बघून येणार, मग हात धुणार आणि मग जेवणार.

पण तिला बघायची त्याची एक शिस्त होती, तेवढं कबूल करते. आधी स्विच बंद. चावी खिशात. मग बॅटरीची वायर काढायची आणि त्यानंतरच झाकणाला हात लावायचा. बेल्ट ढिला पडलाय का, तेल कुठं गळतंय का, पंख्यात चिंधी-कागद अडकलाय का, हे सगळं मशीन पुरती मेल्यावर बघायचं. एकदा मी विचारलं, स्विच बंद केल्यावर वायर आणखी कशाला काढायची? तर म्हणाला, "ही गप बसली म्हंजी झोपली आसं न्हाई. ऑटोवर आसली की डबा गरम व्हायला लागला की आपसूक सेल मारती आन् चालू हुती. त्याच्या आधी जरा पी-पी करती, तेवढ्यात हात काढला तर काढला." दार उघडलं नाही तर डब्यातली थंडी बराच वेळ टिकते, थोडा वेळ मशीन बंद ठेवली तर मालाला काही होत नाही, हेही मला त्यानंच सांगितलेलं.

मी ब्लाउज शिवायची. फाट्यावरच्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या बायका माझ्याकडं यायच्या. दसरा-दिवाळीच्या आधी मान वर करायला फुरसत नसायची. कापड अंथरलं की खडूची रेघसुद्धा न मारता मी कात्री चालवायची. माझ्या हाताच्या बेतणीचं सेलूपर्यंत नाव होतं. फुशारकी वाटत असेल तर वाटू द्या.

दसऱ्याला आमच्याकडं ज्याच्या त्याच्या हत्याराची पूजा असते. सासूबाईंचा (त्यांना मी आत्याबाई म्हणते) विळा आणि खुरपं, माझी शिलाई मशीन आणि कात्री, आणि नवऱ्याची गाडी. त्या वर्षी तो सकाळीच भरलेली गाडी घेऊन आला. पूजा उरकून, पुरणपोळी खाऊन नांदेडला जायचं ठरलं होतं. घरातली पूजा झाली, आम्ही ताट घेऊन गाडीपाशी आलो. हा सवयीप्रमाणे मशीनच्या स्विचकडं गेला. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "चालती लक्ष्मी बंद करू नगंस बाबा. वर्साचा सण हाय."

तो स्विचवर हात ठेवून तसाच उभा राहिला. आईचा शब्द मोडवेना आणि चालू मशीनचं झाकण उघडवेना. मग त्यानं मधला मार्ग काढला. मशीन ऑटोवर टाकली. डबा पुरेसा थंड होता, म्हणून ती घरघर करायची थांबली. सासूबाईंचं समाधान झालं, कारण मशीन बंद केली नव्हती. त्याचंही झालं, कारण ती गप होती. झाकण त्यानंच उघडून दिलं.

आमच्याकडं गाडीपुढं नारळ फोडताना हॉर्न दाबून धरतात. त्या दिवशी फाट्यावर जिकडंतिकडं तेच चाललं होतं. हा केबिनमध्ये चढला. सासूबाईंनी चाकापाशी नारळ हातात घेतला आणि मला म्हणाल्या, "बाई, तू हार घाल. त्या बेल्टाच्या चाकालाच घाल, तेच तर फिरतंय दिवसभर." मी हळद-कुंकू लावलं. झेंडूचा हार त्या चाकाभोवती नीट बसत नव्हता, म्हणून बोटांनी आत सारत होते. वर हॉर्न सुरू झाला. मशीन पी-पी वाजलीच असणार असं नवरा नंतर म्हणाला. वाजलीही असेल. मला फक्त हॉर्न ऐकू येत होता.

मशीननं सेल मारला. हार आत ओढला गेला आणि त्याच्याबरोबर माझा उजवा हात. खरं सांगते, पहिल्यांदा मनात आलं ते असं, की हार तुटला, आता सासूबाई बोलतील. मग मी हाताकडं बघितलं. अंगठ्याशेजारची तीन बोटं नव्हती. हॉर्न वाजतच होता. सासूबाई केबिनचं दार दोन्ही हातांनी बडवत होत्या आणि तो देवाच्या नावानं हॉर्न दाबून बसला होता.

पुढचं मला तुटक आठवतं. त्यानं टॉवेल गुंडाळला, मला उचलून केबिनमध्ये बसवलं आणि तीच गाडी घेऊन निघाला. सेलूला पट्टी बांधली आणि परभणीला न्या म्हणाले. रस्ताभर तो एकच बोलत होता. "मी बंद करायलो होतो की गं. माझा हात स्विचवर होता की." मला त्याचा इतका राग आला की कळ मागं पडली. कुणाला ऐकवत होता तो? मी म्हणाले, "गप बसा आन् गाडी चालवा."

परभणीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पट्टी सोडून बघितलं आणि विचारलं, "तुटलेली बोटं कुठं आहेत?"

ती घरीच राहिली होती. बोटं आणायची असतात हे कुणाला माहीत? डॉक्टर चिडले नाहीत. स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळायची, पिशवीत घालायची आणि ती पिशवी बर्फावर ठेवून आणायची, असं त्यांनी समजावून सांगितलं. थंड राहिली तर मोठ्या शहरात पाठवून जोडायचा प्रयत्न करता येतो. सगळी नाही तरी एखादं जोडता येईल. "अजून वेळ आहे, घरून मागवून घ्या," म्हणाले. खिडकीतून दवाखान्याचं आवार दिसत होतं. आमची गाडी तिथंच उभी होती आणि तिची मशीन घरघरत होती. नवऱ्यानं तिकडं एकदा बघितलं आणि भिंतीला डोकं टेकलं.

मी मात्र त्या क्षणी आशेला लागले होते. एक बोट मिळालं तरी कात्री धरता येईल, असा हिशेब मनात चालू झाला होता. मी म्हणाले, "लावा की फोन आत्याबाईला."

त्यानं फोन लावला. मला ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला. "माय, तिची बोटं तितंच पडलीत का बघ. बर्फ घाल आन् कुनाच्या तरी मोटारसायकलवर लगेच पाठीव."

पलीकडं सासूबाई रडत होत्या. "न्हाई रे पडलेली. मी येचली की सगळी. पोरीच्या अंगाचा तुकडा उघड्यावर टाकू व्हय? कुत्री लय हायेत. माझ्या लग्नातल्या खणात बांधली, हळद वाहिली, आन् लिंबाखाली पुरली."

"उकर माय! आत्ताच्या आत्ता उकर!"

"उकरते. उकरते बाबा. लय खोल पुरलीत रे, कुत्र्यानं काढू नये म्हनून."

फोन त्यांनी तसाच जमिनीवर ठेवला असणार, कारण कुदळीचे घाव ऐकू यायला लागले. मधेच त्यांचा दम लागायचा, मग पुन्हा घाव. डॉक्टर ऐकत होते. त्यांनी माझ्याकडं बघून मान हलवली आणि हळू आवाजात म्हणाले, "मातीत गेलीत, आता उपयोग नाही." नवरा फोन हातात धरून ढसाढसा रडत होता. आईला थांब म्हणायला त्याचं तोंड उघडेना. पलीकडं ती म्हातारी एकटीच खणत होती. तिला कुणीतरी सांगायला पाहिजे होतं. मी डाव्या हातानं फोन ओढून घेतला.

"आत्याबाई, ऱ्हाऊ द्या," मी ओरडून म्हणाले. "माती लोटा."